विश्लेषण : हृदयाची धमनी फाटली, तरी डॉक्टर स्टेंट का टाळतात?

वय चाळिशीच्या आसपास. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कोलेस्टेरॉलही ठीक. तरीही हृदयविकाराचा झटका! अँजिओग्राफीनंतर डॉक्टर सांगतात, धमनी आतून फाटली आहे, पण स्टेंट टाकायचा नाही. नातेवाईक गोंधळतात. ‘स्कॅड’ या आजारात मात्र अनेकदा हाच योग्य निर्णय असतो.

स्कॅड म्हणजे काय?
हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. स्कॅडमध्ये आतला थर अचानक फाटतो किंवा भिंतीतच रक्तस्राव होतो. थरांमध्ये साठलेले रक्त मूळ मार्ग दाबते आणि रक्तपुरवठा अडतो. १९३१ मध्ये एका ४२ वर्षीय महिलेच्या शवविच्छेदनात हा प्रकार प्रथम नोंदवला गेला.

धोका कोणाला?
रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के महिला असतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचे हे प्रमुख कारण आहे. तीव्र मानसिक ताण किंवा अतिश्रमही निमित्त ठरू शकतात.

स्टेंट का नको?
स्टेंटसाठीची तार चुकून फाटलेल्या थरांमध्ये शिरू शकते. फुगा फुगवला की साठलेले रक्त पुढे ढकलले जाते आणि चीर लांबते. उलट बहुतेक रुग्णांत धमनी काही आठवडे ते महिन्यांत आपोआप भरून येते. म्हणूनच प्रकृती स्थिर असल्यास औषधोपचारच करावेत, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१८ची भूमिका आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही स्कॅडमध्ये टाळले जाते, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

मग उपचार काय?
चीर वाढण्याचा धोका सुरुवातीच्या दिवसांत अधिक असल्याने रुग्णाला काही दिवस रुग्णालयातच देखरेखीखाली ठेवतात. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी धमनीवरील ताण कमी होतो. मात्र छातीतले दुखणे थांबत नसेल, रक्तदाब कोसळत असेल किंवा डावी मुख्य धमनी फाटली असेल, तर स्टेंट किंवा बायपासचा निर्णय घ्यावा लागतो.

काय लक्षात ठेवाल?
छातीत दाब, हात-जबडा दुखणे, घाम, मळमळ ही लक्षणे तरुण महिलेत दिसली तरी ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून घरी थांबू नका. १०८ला फोन करा. ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासणी करून घ्या. स्कॅड पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नका आणि पुढच्या गरोदरपणाआधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.