मोहल्ला समितीचा हिशेब : भिवंडीच्या बाजारपेठेचा अनुभव

दंगल झाली की आधी दुकानाचे शटर खाली येते आणि मग कारागीर गावाची गाडी धरतो. शटर दोन-चार दिवसांत वर जाते. पण गेलेला कारागीर परत यायला महिने लागतात आणि तोवर माग उभे राहतात. सूतवाल्याची उधारी मात्र थांबत नाही. भिवंडीच्या यंत्रमागधारकांनी हा तोटा दोनदा सोसला आहे, मे 1970 मध्ये आणि पुन्हा मे 1984 मध्ये.

आपल्याकडे असे म्हणण्याची पद्धत आहे की, जिथे हिंदू-मुसलमानांचे धंदे एकमेकांत गुंतलेले असतात तिथे दंगल होत नाही. भिवंडीपुरते तरी हे खरे ठरले नाही. सूत विकणारा मारवाडी-गुजराती, माग चालविणारा मोमीन-अन्सारी, शेजारच्या मागावर तेलुगू पद्मशाली ही वीण 1984 मध्येही होतीच, तरी शहर जळाले. मग 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली आणि कापडाचेच शहर असलेले सुरतही पेटले, तेव्हा मधली भिवंडी शांत कशी राहिली? मुंबईत त्या दोन महिन्यांत 900 माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. भिवंडी तिथून हाकेच्या अंतरावर.

या मधल्या काळात एक नवी गोष्ट घडली होती. 1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी जुन्या दंगलींचे कागद तपासले आणि मोहल्लावार समित्या बांधायला घेतल्या. अशा सुमारे 70 समित्या उभ्या राहिल्या. पूर्वीची शांतता समिती आपण सर्वांनी पाहिली आहे : सणाच्या आठवडाभर आधी ठाण्यात बैठक, तेच ते पुढारी, चहा, भाषणे आणि वर्तमानपत्रात फोटो. नव्या समितीत त्या त्या वस्तीतले साधे लोक घेतले. दोन्ही समाजांचे निम्मे-निम्मे. बैठक मोहल्ल्यातच भरायची, आणि तिची जबाबदारी वरच्या साहेबावर न टाकता खालच्या अधिकाऱ्यावर व शिपायावर टाकली. बोलणे व्हायचे ते रोजच्या कटकटींचे. दंगलीची ठिणगी बहुधा अशाच क्षुल्लक भांडणातून पडते, हे त्यामागचे गणित. शिपायाला माणसे नावाने ओळखू येऊ लागली आणि अफवा उठली तर विचारायचे कोणाला, हे लोकांना कळले. खोपडे 1992 मध्ये बदलून गेले तरी घडी मोडली नव्हती. डिसेंबरात ती कामी आली. पुढे त्यांनी या प्रयोगावर पुस्तकही लिहिले. मुंबईतही 1994 मध्ये ज्युलिओ रिबेरो व तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या सुरू झाल्या.

ही कमाई कायमची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीतच जुलै 2006 मध्ये वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात 2 जण गेले आणि त्यानंतर जमावाने 2 शिपायांचा जीव घेतला. तोवर समित्या मागे पडल्या होत्या. ज्या शिपायाला मोहल्ला ओळखतो त्याच्यावर हात उचलणे सोपे नसते, आणि ओळखीच्या वस्तीवर बंदूक रोखणेही.

व्यापारी बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलिसांशी ओळख वाढली की त्या भागातले नोंदलेले गुन्हे पुष्कळदा कमी न होता वाढतात. कारण गोदामातून दोन तागे गेले तर एरवी तक्रारच होत नाही. 'कशाला ठाण्याची पायरी चढा' म्हणून आपण गप्प बसतो. आकडा वाढला म्हणून घाबरू नये. नोंद नसलेली चोरी विम्याच्या कामीही येत नाही.

परक्या व्यापाऱ्याचा हक्क राखण्यासाठी वस्तीने एकत्र येणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. मक्केत येमेनच्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडविले गेले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही घराण्यांनी पीडिताची बाजू घेण्याची शपथ घेतली. हाच हिल्फुल फुजूल. प्रेषित (सल्ल.) नुबुव्वतीपूर्वी त्यात सामील होते आणि पुढेही त्या कराराविषयी आदराने बोलत. मदत मागणारा तिथे परगावचा होता, आपल्या टोळीचा नव्हता.

आता कामाचे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण चालत नाही. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्याने नोंद नाकारली तर मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, तिथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

आणि आपल्या भागात समिती असेल तर बैठकीची वेळ कोणती, ते पाहावे. दुपारी अकराची बैठक म्हणजे पुन्हा तेच पुढारी, कारण त्या वेळी कारागीर मागावर असतो आणि दुकानदार गल्ल्यावर. इशाच्या नमाजनंतरची किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवसाची वेळ मागावी, आणि जाताना शेजारच्या गाळेवाल्यालाही, तो कोणत्याही समाजाचा असो, बरोबर न्यावे.