ऑपरेशननंतर वाढलेले वजन

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, केमो संपली. घरचे म्हणतात, आपा बरी झाली. आपा मात्र शादीच्या दावतीला जायचे टाळते. एक बाजू रिकामी, त्यात वजन वाढलेले. हिंगोली-वसमतकडच्या आपल्या घरांत यावर कुणी बोलत नाही.

हे वजन आळसाचे नसते. केमोमुळे अनेकींची पाळी लवकर थांबते, हालचाल कमी होते. वर अशक्तपणा म्हणून आम्हीच शिरा, पाया, तूप पुढे करतो! प्रेमापोटीच, पण ताटात ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडे बरे. हळद भाजीत घालावी. तिच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रमजानचे रोजेही त्यांना विचारूनच.

आठवड्यातून 5 दिवस अर्धा तास चालावे. फज्रनंतर मुलीने किंवा शौहरने सोबत निघावे, एकटीला संकोच वाटतो. त्या बाजूच्या हाताने काही उचलूच नये, असे पूर्वी सांगत. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्या स्त्रियांच्या हाताची सूज वाढली नाही.

आणि रिकामी बाजू? ब्रेसियरमध्ये बसणारा सिलिकॉनचा आकार मिळतो. जखम भरेपर्यंत मऊ सुती कापडात कापूस भरून घरीही शिवता येतो. तो शिवायला आपाजवळ बसा, दावतीचे कपडेही तेव्हाच काढा.