छोटा धंदा आणि यंत्राचा सल्ला

लहान धंदा करणाऱ्या माणसाला सल्ल्याची वाण कधीच पडत नाही. शेजारी सल्ला देतो, मेहुणा देतो, उधारीवर माल नेणारे गिऱ्हाईकही जाता जाता चार गोष्टी सांगून जाते. वाण असते ती शेजारी बसून हिशेब पाहणाऱ्या माणसाची. मोठ्या पेढीला मुनीम, दिवाणजी, वकील, हिशेबतपासनीस हे सारे परवडतात. पिठाच्या गिरणीच्या मालकाला, शिंप्याला किंवा घरी फराळ करून विकणाऱ्या बाईला ते परवडत नाहीत. ही उणीव सरकारच्याही ध्यानात फार पूर्वी आली होती. १९५४ साली केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी विकास संघटना स्थापन केली, पुढल्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ निघाले आणि मार्गदर्शनासाठी निरनिराळ्या राज्यांत सेवासंस्था उघडण्यात आल्या. तथापि अशा संस्थेच्या दारापर्यंत जायचे म्हणजे एक दिवस दुकान बंद ठेवणे आले, आणि लहान दुकानदाराला नेमके तेच जड जाते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले, आणि दुकान बंद न करता, रात्री जेवणे आटोपल्यावर, खिशातल्या मोबाईलवर प्रश्न विचारता येईल असा एक सल्लागार उपलब्ध झाला. त्यामागून तशीच इतर यंत्रे आली. त्यांना चॅटबॉट असे म्हणतात. ती मराठीत बोलतात, थकत नाहीत, आणि प्रश्न कितीही बाळबोध असला तरी हसत नाहीत. या शेवटच्या गुणाचे मोल कमी समजू नये. चक्रवाढ व्याज कसे काढतात हे ओळखीच्या माणसाला विचारण्याची लाज वाटून कर्जाच्या कागदावर सही करणारी माणसे जगात पुष्कळ आहेत.

मात्र या सल्लागाराची जडणघडण कशी झाली आहे, हे ठाऊक असल्यावाचून त्याच्या शब्दाची किंमत करता येत नाही. त्याच्या पोटात उत्तरांचे कपाट नसते. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची एक रचना प्रसिद्ध केली. आजचे बहुतेक चॅटबॉट तिच्यावरच उभे आहेत. पुस्तके, वृत्तपत्रे, इंटरनेटवरील लिखाण असा अफाट मजकूर यंत्रापुढे ठेवला जातो, आणि एका शब्दखंडानंतर पुढचा कोणता येण्याचा संभव अधिक, हे एकच गणित ते अगणित वेळा गिरवते. पुढे माणसांच्या पसंतीनापसंतीवरून त्याला वळण लावण्यात येते. त्यामुळे त्याचे उत्तर म्हणजे दप्तरातून काढलेली नोंद नव्हे, तर जुळवून लिहिलेला मजकूर होय. अलीकडची यंत्रे इंटरनेट चाळून ताजी माहिती आणू शकतात, हे खरे. परंतु आणलेल्या माहितीतूनही शेवटी मजकूर जुळवायचाच असतो.

याचा धंद्याशी संबंध असा. ज्या विषयावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे, तेथे हे यंत्र चांगले बोलते. ताळेबंद कसा वाचावा, बँकेला अर्ज कसा लिहावा, मालाची किंमत ठरविताना कोणते खर्च धरावेत, हे ते एखाद्या चांगल्या शिक्षकाप्रमाणे सांगेल. पण लहान धंद्याचे अर्धे शहाणपण कोणी कधी लिहूनच ठेवलेले नसते. कोणता घाऊक व्यापारी सणाच्या तोंडावर हात आखडतो, कोणत्या वाडीतली गिऱ्हाइके पगाराच्या आठवड्यातच खरेदी करतात, कोणाची उधारी बुडते आणि कोणाची फक्त लांबते, हे ज्ञान माणसाच्या डोक्यात आणि फार तर त्याच्या खतावणीत असते. यंत्राने ते वाचलेले नाही. ते वाचलेले नाही असे ते आपण होऊन सांगेलच असेही नाही.

आता एक उदाहरण कल्पू. इंदूरमधील एखादी मराठी गृहिणी दिवाळीसाठी ३०० किलो चिवडा करण्याचे योजते. विक्रीचा भाव किलोला ४०० रुपये, सामानाचा खर्च किलोला २३० रुपये. तिने यंत्राला एवढेच विचारले की फायदा किती होईल, तर ते क्षणात सांगेल की ५१,००० रुपये. आकडेमोड बिनचूक आहे आणि उत्तर निरुपयोगी आहे. तिने प्रश्न फिरवून विचारला, ‘या हिशेबात मी काय विसरले आहे?’ तर मात्र यंत्राचा खरा उपयोग सुरू होतो. ते गॅस आणि पिशव्या यांची आठवण करून देईल, मदतनीस बायकांच्या मजुरीबद्दल विचारील, माल फुटणे, मऊ पडणे, शिल्लक राहणे याबद्दल विचारील. समजा, गॅस व पिशव्यांचा खर्च किलोला ३० रुपये निघाला, मजुरी १४,००० रुपये झाली आणि १५ किलो माल वाया गेला. मग विक्री १,१४,००० रुपयांची, खर्च ९२,००० रुपयांचा आणि फायदा २२,००० रुपयांचा. एकावन्न हजारांचे बावीस हजार झाले, आणि स्वतःच्या श्रमाचा एक रुपयाही अजून धरलेला नाही!

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्यातला १२० किलो माल एक दुकानदार ४५ दिवसांच्या उधारीवर उचलतो असे धरू. सोयीसाठी भाव तोच ठेवू. त्याचे ४८,००० रुपये दिवाळीनंतर यावयाचे. म्हणजे दिवाळीपर्यंत हातात ६६,००० रुपये येणार आणि हातातून ९२,००० जाणार. धंदा फायद्याचा आहे, आणि तरीही ऐन सणात २६,००० रुपयांची खोट आहे. फायदा कागदावर असतो, किराणेवाला मात्र रोकड मागतो. कित्येक चांगले धंदे तोट्याने नव्हे, तर अशा दोन-तीन महिन्यांच्या पोकळीने बसतात. दर आठवड्याला किती येणार आणि किती जाणार, याचा तक्ता हे यंत्र काही क्षणांत मांडून देते. भाव १० रुपयांनी उतरला तर काय, उधारी दोन महिने लांबली तर काय, असे दहा प्रश्न विचारले तर दहा तक्ते देते. पूर्वी हे काम फक्त जाणता मुनीमच करी. बेरजा-वजाबाक्या मात्र एकदा स्वतः ताडून पाहाव्यात, कारण सफाईने लिहिलेल्या परिच्छेदात चुकलेला आकडा सहज खपून जातो.

असा सल्ला मिळाल्याने लहान धंद्यांचे खरोखर भले होते काय, याचा शोध केनियात घेण्यात आला आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि हार्वर्ड बिझनेस स्कूल येथील संशोधकांनी तेथील ६४० लहान उद्योजक निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या न्यायाने त्यांचे गट पाडले आणि एका गटाला व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलणारा, जीपीटी-४ वर चालणारा सल्लागार दिला. निष्कर्ष प्रथम २०२३ च्या अखेरीस मांडण्यात आले. सरासरी पाहता त्या सल्ल्याचा परिणाम जवळजवळ शून्य होता. पण सरासरीच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी दडल्या होत्या. ज्यांचा धंदा आधीच बरा चालला होता, त्यांची कामगिरी सुमारे १५ ते २० टक्क्यांनी सुधारली, आणि ज्यांचा आधीच रखडत होता, त्यांची सुमारे ८ ते १० टक्क्यांनी खालावली. ज्याला आधाराची गरज अधिक, त्याचेच नुकसान झाले.

असे का व्हावे? पुढील तपासात असे दिसले की दोन्ही प्रकारच्या माणसांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे यांत म्हणावा तसा फरक नव्हता. फरक होता तो निवडण्यात. यंत्र एका दमात पाचसहा उपाय सांगते आणि ते सगळे सारख्याच आत्मविश्वासाने सांगते. त्यांतला आपल्या दुकानाला कोणता लागू आणि कोणता घातक, हे ओळखण्याचे काम विचारणाऱ्याकडेच राहते. भाव कमी करा, जाहिरात करा, हे उपाय कोणालाही सांगता येतात. ज्याच्या किलोमागे जेमतेम ५ रुपये सुटतात, त्याने भाव कमी केला तर गर्दी वाढेल आणि दुकान बुडेल. अनुभवी माणूस असा उपाय ऐकून मान हलवितो आणि सोडून देतो. चाचपडणारा मात्र तो उचलतो, कारण त्याला कोणीतरी काहीतरी ठामपणे सांगावे अशीच त्याची भूक असते.

कायद्याच्या बाबतीत तर हा ठामपणा अधिकच महागात पडतो. न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान व्यावसायिकांना नियम समजावून सांगण्यासाठी एक चॅटबॉट सुरू केला. मार्च २०२४ मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेने त्याची परीक्षा घेतली. तेव्हा नोकरांना मिळालेल्या बक्षिसीतला वाटा मालकाने घेतला तरी चालेल, दुकानदाराने रोख पैसे नाकारले तरी चालेल, असे तो सांगत असल्याचे उघडकीस आले. त्या शहरात दुकानांनी रोकड स्वीकारलीच पाहिजे असा नियम २०२० पासून आहे. खुद्द शहराच्याच नावाने बोलणारे यंत्र शहराचाच नियम मोडायला सांगत होते.

आपल्याकडे अशी फसगत वस्तू व सेवा कराच्या बाबतीत सहज होऊ शकते. वेष्टनबंद, छापील नावाच्या चिवड्यासारख्या नमकीन पदार्थांवर पूर्वी १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. ज्या यंत्राचे वाचन त्या तारखेपूर्वीच संपले असेल, ते जुनाच दर निःशंकपणे सांगेल. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. अनेक राज्यांत वर्षाकाठी ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत माल विकणाऱ्याला या करासाठी नोंदणी करावी लागत नाही. इंदूरच्या त्या बाईला हे उत्तर मिळाले तर ते सर्वसाधारणपणे बरोबरच आहे. पण तिने पुण्याच्या दुकानाला चिवडा पाठवायचे ठरविले की माल राज्याबाहेर गेला, आणि करपात्र माल राज्याबाहेर विकणाऱ्याला, हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होते. पुण्याचा उल्लेख तिने प्रश्नात केला नसेल, तर यंत्राला तो कळणार कसा? अशा वेळी यंत्राचे उत्तर घेऊन करसल्लागाराकडे अर्धा तास जावे. त्या अर्ध्या तासाची फी दंडाहून स्वस्त पडते, आणि नेमके काय विचारायचे हे यंत्राशी बोलून आधीच ठरलेले असल्यामुळे अर्धा तास पुरतोही.

या सल्लागाराचा दुसरा दोष मानवी दरबारात चांगल्या ओळखीचा आहे. तो होयबा होण्याकडे झुकतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती प्रत्येकाच्या प्रत्येक कल्पनेची इतकी वाहवा करू लागली की ओपनएआयला ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. इतकी उघड खुशामत नेहमी दिसत नसली तरी प्रश्नात जे हवे असते ते उत्तरात उमटते. ‘दुसरे दुकान काढण्याची माझी योजना कशी आहे?’ असे विचारणाऱ्याला ती चांगलीच वाटेल असे उत्तर मिळते. त्याऐवजी, ‘ही योजना दोन वर्षांत बुडाली असे समज आणि का बुडाली ते सांग’ असे म्हटले की तेच यंत्र भाडे, अनामत रक्कम, विश्वासू नोकराचा अभाव आणि जुन्या दुकानाकडे होणारे दुर्लक्ष यांचा पाढा वाचते. प्रश्न विचारण्याआधी त्यालाच प्रश्न विचारावयास सांगणे हीदेखील चांगली रीत आहे. मौजेची गोष्ट अशी की अशा यंत्रांच्या पूर्वजाला तेवढेच येत होते. १९६६ साली एमआयटीमधील जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा जो संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला, तो बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करी. त्याला कशाचेही ज्ञान नव्हते, तरी लोक त्याच्यापुढे मन मोकळे करीत. वायझेनबॉम यांना त्याचीच पुढे चिंता वाटू लागली.

मन मोकळे करताना गिऱ्हाइकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि बँकेचे तपशील मात्र यंत्राला सांगू नयेत. हिशेबाला त्यांची गरज नसते.

पुन्हा त्या ४८,००० रुपयांकडे वळू. समजा, ४५ दिवस उलटून गेले आणि दुकानदाराने पैसे दिले नाहीत. यंत्राला विचारले तर ते सांगेल की २००६ च्या कायद्यान्वये, नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि विलंबाबद्दल व्याज मागता येते. हे बरोबर आहे. तगादा करणारे पत्रही ते सौम्य, मध्यम आणि कडक अशा तीन भाषांत लिहून देईल. परंतु तो दुकानदार तिचा माल ठेवणारा त्या भागातला एकटाच आहे, गेल्या वर्षी त्याने मार्गशीर्षात का होईना पण पैसे चुकते केले होते, आणि यंदा त्याच्या घरी लग्न आहे, हे तिला ठाऊक आहे. तिन्ही पत्रे समोर ठेवून त्यांतले कोणते पाठवावे, की पत्र न पाठवता संध्याकाळी स्वतःच त्याच्या दुकानी जाऊन यावे, हे तिला ठरवावयाचे असते.