सनदी शाळेची पारख

माझी एक भाची अमेरिकेत असते. तिचा मुलगा स्वभावाने अबोल. यंदा तो नववीत जाईल. "मामा, मोठ्या शाळेत हा हरवून जाईल. जवळच दीडशे मुलांची चार्टर शाळा आहे. तीत घालू का?" असे तिने परवा फोनवर विचारले. आपल्यापैकी अनेकांची नातवंडे तिकडे शिकतात. म्हणून तिला दिलेले उत्तर आपल्यापुढे ठेवतो.

चार्टर म्हणजे सनद. ही शाळा सरकारी पैशावर चालते, पण कारभारात बरीच स्वतंत्र असते. अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला. येथे फी नसते. जागांहून अर्ज अधिक आले तर सोडत काढतात. मात्र सनद ठराविक मुदतीची असते, आणि काम समाधानकारक नसेल तर ती पुन्हा मिळत नाही. शिवाय पैसा मुलांच्या संख्येवर मिळतो. लहान शाळेत वीस मुले कमी झाली तरी जमाखर्च कोलमडतो. तेव्हा सनद केव्हा संपते आणि हिशेब-तपासनिसांचा अहवाल काय म्हणतो, हे प्रथम विचारावे. मूल अकरावीत असताना शाळा बंद पडली, तर त्याची भरपाई कोणी करीत नाही.

दुसरी गोष्ट निकालाची. समजा, नववीत साठ मुले आली. चोवीस अन्य शाळांत निघून गेली आणि उरलेली छत्तीस बारावी उत्तीर्ण झाली. सरकारी गणनेत शाळा बदललेली मुले वगळली जात असल्याने निकाल शंभर टक्के दिसतो! म्हणून टक्केवारीपेक्षा, आलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले, हे विचारावे. तसेच शिक्षकांचे. जेथे रसायनशास्त्राला एकच शिक्षक, तेथे तो गेला की विषयच अडतो. परकीय भाषा, वाद्यवृंद, खेळ यांची निवडही लहान शाळेत बहुधा तोकडी असते.

आणि तिसरी गोष्ट. लहान शाळेत मूल हरवत नाही, असे आपण गृहीत धरतो. माझ्या पंचवीस मुलांच्या वर्गातून एक अबोल मुलगा शाळा सोडून गेला, तेव्हा त्याचे दुःख मला ठाऊक नव्हते. वर्ग लहान होता. पाहणारा मीच कमी पडलो. म्हणून भाचीला म्हटले, "साध्या दिवशी शाळेत जा. एखादा मुलगा चार दिवस गप्प राहिला तर ते प्रथम कोणाच्या ध्यानी येते, आणि तो काय करतो, एवढे शिक्षकांना विचार. उत्तरात माणसाचे नाव आले, तर पुढची चौकशी कर. नुसता पटावरचा आकडा सांगितला, तर परत ये."