कार्यशाळेचे फलित

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या कार्यशाळेचे खरे फलित शिक्षक वर्गात परतल्यानंतरच दिसते. १९७५-७६ साली भारतात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाध्यापनाचे प्रशिक्षणही देण्यात आले. तेथे केवळ पडद्यावरील पाठांवर विसंबण्यात आले नव्हते. नभोवाणी, छापील साहित्य, स्वहस्ते करावयाचे प्रयोग आणि चर्चा यांची त्यांस जोड होती.

आजही हाच मार्ग हितावह होय. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलवर उघडणे अल्पावधीत साधते. परंतु अपूर्णांकाची चित्रफीत कोठे थांबवावी व मुलांस कोणता प्रश्न विचारावा, हे शिक्षकासच ठरवावे लागते. म्हणून कार्यशाळेस जाताना शिक्षकाने वर्गातील एक अडचण टिपून न्यावी. परतल्यावर आठवड्याच्या आत नवी रीत योजून पाहावी आणि मुलांस काय उमगले, काय उमगले नाही, हे केंद्राच्या शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे मांडावे. फसलेला पाठही निःसंकोच सांगावा. त्यातून इतरांची चूक टळते. असे न घडल्यास प्रमाणपत्र तेवढे दप्तरी जमा होते, आणि अपूर्णांक न समजलेले मूल तसेच पुढील इयत्तेत जाते.