वाटी जुळली, आता पाय चालवा

खेळताना मूल गुडघ्यावर पडले, की घरात पहिला विचार येतो तेल लावून चोळण्याचा. माता-भगिनींनो, तसे करू नका. मुलाला पाय ताठ उचलता येत नसेल तर गुडघ्याची वाटी फुटलेली असू शकते. ८ ते १२ वर्षांच्या मुलांत वाटीच्या टोकाची कूर्चा हाडाच्या कपचीसह सुटते. एक्स-रेत ती कपची बारीक दिसते, म्हणून दुखापत किरकोळ समजू नये.

तुकडे सरकले असतील तर शस्त्रक्रिया करून तारेने किंवा मजबूत दोऱ्याने बांधतात. मुलांचे हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळते. पण तोवर प्लास्टरमध्ये मांडी बारीक होते, गुडघा आखडतो. म्हणून डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून मांडी आवळणे, पाय सरळ उचलणे, गुडघा हळूहळू वाकवणे हे व्यायाम रोज झाले पाहिजेत. मूल रडते म्हणून थांबलात तर गुडघा ताठर राहील. परवानगीशिवाय मैदानात सोडलेत तर वाटी पुन्हा फुटेल. जखमेतून पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

मीरा-भाईंदरच्या कुटुंबांना भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय जवळ आहे. रेशनकार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का, हे आधी विचारा.

आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली. कामावरून दमून आलेल्या आईबापांनीही लेकराच्या पायासाठी रोज थोडा वेळ काढावा.