इंटरनेटशिवायही वाजणारा अँप्लिफायर

वाय-फायवर चालणारे अँप्लिफायर आता घरोघरी व दुकानांतून बसवले जातात. इंटरनेट नसेल तर हे यंत्र निरुपयोगी, असा पुष्कळांचा समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. हा माल विकणाऱ्या व बसवणाऱ्या बंधूंनी त्यातला फरक समजून घ्यावा.

नेटवर्क आणि इंटरनेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरातला राउटर मोबाइल, संगणक व अँप्लिफायर यांना एकमेकांशी जोडतो. बाहेरची लाईन बंद पडली तरी ही आतली जोडणी कायम राहते. यंत्रात डीएलएनएची सोय असेल, तर संगणकात साठवलेली गाणी त्यावर वाजतात. आयफोनचे एअरप्लेही घरच्या वाय-फायवर चालते. इंटरनेट रेडिओ व स्पॉटिफायसारख्या सेवा मात्र बंद पडतात.

राउटरही नसेल तर यंत्राची मागची बाजू पाहावी. यामाहाच्या डब्ल्यूएक्सए-५० मध्ये ऑक्स, ऑप्टिकल, यूएसबी व ब्लूटूथ आहे. म्हणजे पेनड्राइव्हवरूनही काम भागते. सोनोसच्या २०१८ साली जाहीर झालेल्या अँपमध्ये लाईन-इन व टीव्हीसाठी एचडीएमआय आहे, पण ब्लूटूथ नाही. शिवाय त्याची पहिली जोडणी इंटरनेटशिवाय होत नाही. कारागिराने ती लाईन चालू असतानाच पुरी करून घ्यावी.

धोका आणखी एक आहे. कंपनीने आपली सेवा बंद केली तर ग्राहकाची लाईन चालू असूनही उपयोग नाही. बोसने ऑक्टोबर २०२५ मध्ये साउंडटच मालिकेची क्लाउड सेवा २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. ऑक्स, आणि ज्यात आहे त्यात ब्लूटूथ, पुढेही चालेल असे कंपनीने सांगितले. ज्या यंत्राला तारेची सोय आहे, ते भंगारात जात नाही, हा यातला धडा.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी एक चाचणी करावी. राउटरमधून बाहेरची तार काढावी, अँप्लिफायर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि गाणे लावून पाहावे. काय चालते व काय चालत नाही, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे. शक्य तर बिलावर लिहून द्यावे. पुढची तक्रार टळते आणि गिऱ्हाईक टिकते.